भान, वेदना आणि महाडचे पाणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात मनःस्वास्थ्यावर एक कार्यशाळा झाली. बाहेरून एक पाहुणे आले होते. विषय 'माइंडफुलनेस'. सभागृहातले पंखे बंद करून त्यांनी मुलांना डोळे मिटायला लावले, श्वासाकडे बघायला सांगितले, आणि मनात जे येईल त्याला बरे-वाईट न म्हणता ते नुसते बघत राहा, ताण आपोआप ओसरेल, असे समजावले. मुले शांत बसली. पुष्कळांना बरेही वाटले असावे. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. बौद्धवाडीतला, खाडीपलीकडून येणारा, खोली घेऊन राहणारा. तो म्हणाला, "सर, माझ्या खोलीतली मुलं माझं ताट वेगळं ठेवतात. आडनावावरून बोलतात. हेसुद्धा नुसतं बघायचं का?"

पाहुणे भला माणूस होता. त्याने मुलाला क्षमा करायला सांगितले. दुसऱ्याचे वागणे आपल्या हातात नसते, आपली शांती आपल्या हातात असते, असे म्हणाला. मुलगा खाली बसला. मी त्या सभागृहात प्राध्यापक म्हणून पहिल्या रांगेत होतो आणि मी काही बोललो नाही. आभारप्रदर्शन झाले, चहा झाला.

मी इतिहास शिकवतो. माझ्या घरात माझ्या आधी कुणी पदवीधर झालेला नाही. त्या मुलाच्या प्रश्नाला इतिहासाजवळ उत्तर आहे असे मला वाटते, आणि ते मी त्या दिवशी द्यायला हवे होते. उशिरा का होईना, इथे मांडून पाहतो.

प्रथम शब्दाबद्दल. 'माइंडफुलनेस' हा शब्द आज अमेरिकेतून आल्यासारखा येतो, आणि त्याचे शुल्कही त्याच मापाचे असते. पण तो मूळचा एका पाली शब्दाचा इंग्रजी पर्याय आहे. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी काही बौद्ध सुत्तांची भाषांतरे प्रसिद्ध केली. त्यात अष्टांगिक मार्गातल्या 'सम्मा सति'साठी हा शब्द त्यांनी वापरला आणि पुढे तोच रूढ झाला. पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. मराठीत 'सती' म्हटले की डोळ्यांपुढे चिता उभी राहते, त्यामुळे तो शब्द आपल्याला जसाच्या तसा घेता येत नाही. आपल्या भाषेवर कुणाचे राज्य होते ते एवढ्यावरूनही कळते. 'सम्यक स्मृती' हा शब्द आपण वंदनेत वापरतो, पण तो पुस्तकी वाटतो. माझ्या मते आपल्या बोलीतला खरा शब्द 'भान' आहे. भानावर ये, भान ठेव, भान सुटले. माझी आजी हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरायची.

या भानाची शिकवण आमच्या किनाऱ्याला नवी नाही. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळ, कुडे नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरात २६ लेणी आहेत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. लहानपणी आम्हाला ती पांडवांनी एका रात्रीत खोदली असे सांगत. आम्ही तिथे गुरे घेऊन जात असू. पांडवांच्या घरात आपण कसे शिरावे म्हणून आमच्यातली मोठी माणसे बाहेरच बसत. ती आपलीच आहेत हे कळायला मला एम.ए.च्या वर्गात जावे लागले.

तिथले ब्राह्मी लेख वाचले की दान कुणी दिले ते कळते. मांदाडच्या महाभोज घराण्यातली माणसे त्यात आहेत, हे अपेक्षितच. पण फुलांच्या माळा करणारा माळी आहे. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. भिक्षुणी आहेत. आणि सोमदेव नावाचा एक वैद्य आहे, तोही वैद्याचाच मुलगा, उपासक. त्याने आपल्या मुलामुलींची नावे घालून एक लेणे दिले आहे. मला या वैद्याचे फार कुतूहल वाटते. आयुष्यभर लोकांच्या नाड्या बघितलेल्या माणसाने भिक्षूंना बसायला दगडातली खोली का करून दिली असेल? त्याच्या मनातले सांगायला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलू नये असेच मी वर्गात शिकवतो. एवढे मात्र खरे की बुद्धाला पाली ग्रंथांत वैद्य म्हटले आहे, शरीरात रुतलेला बाण काढणारा शल्यवैद्य म्हटले आहे. चार आर्यसत्यांची मांडणीही वैद्याच्या तपासणीसारखीच आहे: रोग, रोगाचे कारण, तो बरा होतो हे, आणि उपचार. सोमदेवाला ती भाषा परकी वाटली नसणार.

त्या खोल्या जाऊन पाहाव्यात. आत दगडी ओटा, दार अरुंद, बाहेर पाण्याचे टाके. चार महिने पाऊस कोसळत असताना माणूस तिथे बसून काय करत असेल, तर सतिपट्ठान सुत्तात सांगितले आहे ते. चालताना चालतो आहे हे जाणणे, श्वास लांब असला तर लांब आहे हे जाणणे, सुखद वेदना, दुःखद वेदना ओळखणे. आणि मनात द्वेष असला तर मनात द्वेष आहे हे स्वच्छ जाणणे. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. द्वेष नाही असे समजा, असे ते सुत्त सांगत नाही. द्वेष दाबा, असेही तिथे म्हटलेले नाही. आहे तर आहे म्हणून ओळखा, कशामुळे उठला ते ओळखा. 'वेदना' हा आपल्या साहित्याचा लाडका शब्द. पण पालीत त्याचा अर्थ केवळ दुःख असा नाही, जे जे जाणवते ते सारे वेदनाच. दलित साहित्याने वेदनेतून सुरुवात केली ती त्या अर्थाने मोठ्या परंपरेला धरूनच केली, असे मी म्हणतो. कुणाला हे ओढूनताणून वाटेल. वाटो.

आणखी एक गोष्ट आपल्या व्याख्यानांत फारशी येत नाही. संयुत्त निकायात सतीवरचे एक छोटे सुत्त आहे, आणि त्यात दृष्टांत दिला आहे तो एका डोंबाऱ्याचा. मूळ पालीत त्याला चांडाळ म्हटले आहे. तो बांबू उभारतो आणि शिष्याला खांद्यावर चढवून सांगतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे दोघे सुखरूप उतरू आणि चार पैसेही मिळवू. शिष्य म्हणतो, तसे नव्हे, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. बुद्ध शिष्याची बाजू घेतो आणि वर सांगतो की स्वतःला सांभाळले की दुसरा सांभाळला जातो, आणि दुसऱ्याला सांभाळले की आपण. ध्यानाची सारी गुरुकिल्ली ज्या परंपरेने राजाच्या नव्हे, ब्राह्मणाच्याही नव्हे, तर खेळ करून पोट भरणाऱ्या अस्पृश्याच्या तोंडी घातली, ती परंपरा आज पंचतारांकित हॉटेलांतल्या शिबिरांत विकली जाते. हा इतिहास आहे.

लेण्यांतले दिवे विझले. पुढच्या हजारेक वर्षांत या किनाऱ्यावर सतिपट्ठान सांगणारे कुणी उरले नाही. आमच्या माणसांच्या मनाचे काय होत होते? मनाला घोर लागायचाच. जीव घाबरा व्हायचाच. त्यावर भगत होता, उतारा होता, आणि बायकांसाठी अंगात येणे होते. माझी आजी १९५६ च्या आधीची. तिच्या सासूच्या अंगात यायचे. आजी सांगायची, "वरीसभर कुणापुढं तोंड उघडायची न्हाय, आणि अंगात आलं की सासऱ्यालाबी शिव्या घालायची. मग दोन म्हैने बरी असायची." बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव खाडीत सोडले, भगताचे येणे बंद झाले. हे झालेच पाहिजे होते, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण आजीने मला एकदा विचारले होते, "अंगात येणं गेलं ता बरं झालं बाबा, पण मनातलं आता काढायचं कुठं?" तिला उत्तर द्यायला वाडीत कुणी नव्हते. भिक्खू वर्षातून एखादे वेळी यायचे, तेही परित्राणपाठापुरते. आम्ही देव घालवले आणि त्या जागी वंदना आणली, पंचशील आणले; मनाची मशागत मात्र आणायची राहिली. धर्मांतराच्या चळवळीवर लिहिताना आपण ही बाजू लिहीत नाही. लिहायला हवी.

पुस्तके नव्हती असे नाही. गोव्यातल्या साखवाळ गावात १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी घर सोडून सिलोनला गेले, पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले, आणि ध्यानाचे सारे शास्त्र त्यांनी 'समाधिमार्ग' या पुस्तकात मराठीत लिहून ठेवले. १९३७ मध्ये त्यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. आमच्या रायगडचे निम्मे लोक तेव्हा त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. पण गिरणीची पाळी आणि दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा माणसे, यांत बसायचे कुणी आणि कुठे?

पुढे १९६९ मध्ये सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून आले. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना त्यांनी मुंबईतल्या पहिल्या शिबिरापासून शिकवायला सुरुवात केली आणि मग इगतपुरीचे केंद्र झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून संघरक्षितांच्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने पुण्यातल्या आपल्या वस्त्यांत आनापान आणि मैत्रीभावना शिकवली. त्याच सुमाराला, १९७९ मध्ये, अमेरिकेत मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांनी बुद्धाचे नाव जाणूनबुजून मागे ठेवले. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या रुग्णांसाठी त्याच धर्तीची उपचारपद्धती पुढे मानसशास्त्रज्ञांनी बांधली, आणि २००४ मध्ये ब्रिटनच्या शासकीय आरोग्यसंस्थेने तिची शिफारस केली. हे सारे खोटे किंवा ढोंग आहे असे मी म्हणणार नाही. उपाय लागू पडतो म्हणूनच तो जगभर गेला.

आपल्याकडे मात्र विपश्यनेविषयी वाद आहे आणि तो फुकाचा नाही. दहा दिवस मौन पाळून आलेला कार्यकर्ता मोर्चाला येईनासा होतो, 'सगळे अनित्य आहे' म्हणू लागतो, असा आक्षेप मी अनेक ज्येष्ठांकडून ऐकला आहे. बाबासाहेबांनी ध्यान कुठे सांगितले, असाही प्रश्न विचारतात. त्यांनी काय सांगितले ते वाचू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आमच्या विहारात दर वर्षावासात मोठ्याने वाचला जातो; सातवीत असल्यापासून वाचायचे काम माझ्याकडे होते, कारण मला जोडाक्षरे अडत नसत. त्यात सम्यक स्मृतीचा अर्थ बाबासाहेबांनी मनाची अखंड जागृती असा दिला आहे, वाईट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा. आणि समाधीबद्दल ते स्पष्ट म्हणतात की नुसती एकाग्रता ही तात्पुरती अवस्था आहे. तेवढ्याने मन बदलत नाही, मनाला कुशलाकडे कायमचे वळण लागले पाहिजे. म्हणजे ध्यान त्यांनी नाकारले नाही. त्याला काम नेमून दिले.

आता महाड. वाचकांना १९ आणि २० मार्च १९२७ ची हकीगत सांगण्याची गरज नाही. बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केले १९२४ मध्ये, आणि तरी पाण्याला हात लावायला तीन वर्षे आणि एक परिषद लागली. मला त्यातली दुसरी बाजू पाहायची आहे. २० मार्चला पाणी पिऊन झाल्यावर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या, मंडपात जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ला झाला. बायकामुलांनाही मारले. परिषदेला पलटणीत नोकरी करून आलेले आमचे पेन्शनर होते. काठी कशी चालवायची ते त्यांना सांगावे लागले नसते. ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते, आणि तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी आपली माणसे आवरली. नंतर फिर्यादी झाल्या, काही हल्लेखोरांना शिक्षा झाली. तळ्याचे 'शुद्धीकरण' करून सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक जमले असताना बाबासाहेबांनी न्यायालयाचा मनाईहुकूम पाहून तळ्यावर जाणे तहकूब केले, मनुस्मृती मात्र २५ डिसेंबरला जाळली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

त्या दिवशी महाडात कुणी आनापानसती करीत नव्हते, आणि इतिहासावर आपल्या आवडीचे शब्द डकवू नयेत. पण हेही लक्षात घ्यावे की त्याआधी आठच महिने, जुलै १९२६ मध्ये, बाबासाहेबांचा लाडका राजरत्न गेला होता. त्या दुःखाविषयी त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ते दुःख त्यांनी लपवले नाही. मित्राला लिहून कळवले. असा मनाने जखमी माणूस रक्त सांडलेल्या लोकांपुढे उभा राहतो, स्वतःचा आणि त्यांचा राग पाहतो, तो गिळत नाही आणि उधळूही देत नाही. त्या रागाला तो न्यायालयात नेतो, दहा वर्षे टिकवतो. याला मी भान म्हणतो. पाहुण्यांनी सांगितलेली क्षमा ती ही नव्हे.

महाडच्या उत्तरेला, मुंबई-गोवा महामार्गालगत, गांधारपाल्याची लेणी आहेत. तिथल्या लेखात कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी दिल्याचे कोरलेले आहे. टाक्याला त्या प्राकृतात 'पोढि' म्हणतात. १९२७ च्या महाडच्या मुक्कामात बाबासाहेबांनी जवळची बौद्ध लेणी पाहिली होती. मी दरवर्षी मुलांना घेऊन दोन्ही ठिकाणी जातो, आधी टाक्यांकडे आणि मग तळ्याकडे.

संयुत्त निकायात बाणाचाही एक दृष्टांत आहे. अडाणी माणसाला एक बाण लागतो आणि तो शोक करून स्वतःला दुसरा मारून घेतो. शहाण्याला पहिला लागतो, दुसरा तो टाळतो. आजच्या शिबिरांत फक्त दुसऱ्या बाणाबद्दल बोलतात. पहिला कुणी सोडला, कोणत्या धनुष्यातून, हे विचारायला शिकवत नाहीत, कारण तो प्रश्न शुल्क देणाऱ्यांना गैरसोयीचा असतो. आपल्या चळवळीने मात्र पहिल्या बाणाचाच शोध घेतला, आणि तो घेणे भागच होते. पण दुसरा बाण खोटा असतो असे नाही, हे मला फार उशिरा कळले.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला झोप येईनाशी झाली. शिक्षककक्षात 'राखीव जागेवरचे' हा शब्द माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू येईल इतक्या बेताने उच्चारला जाई. मी हसून सोडून देई. मग छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी पट्टी काढली, हृदय ठीक आहे म्हणाले, मनाच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. मला लाज वाटली. वाडीत कळले तर काय, सासरवाडीला कळले तर काय. शेवटी गेलो. काही महिने गोळ्या घेतल्या, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ध्यानाने सगळे बरे होते असे सांगणाऱ्यांनी गोळ्या सोडायला लावलेली माणसे मी पाहिली आहेत. तसे कुणी करू नये. ज्याचे दुखणे जड आहे त्याने दहा दिवसांच्या मौनात एकदम उडी घेऊ नये, आधी डॉक्टर. त्या डॉक्टरांनीच मला रोज वीस मिनिटे श्वासाकडे बघत बसायला सांगितले. मी मनात म्हटले, हे तर आपलेच.

पहिल्या काही दिवसांत काहीच झाले नाही. मग एक दिवस लक्षात आले की तो शब्द आठवला की माझे दात आवळले जातात, आणि ते आधी होते, राग नंतर कळतो. पुढे आणखी लक्षात आले की शिक्षककक्षात हसून सोडलेला राग मी संध्याकाळी घरी नेतो. भाजीत मीठ कमी म्हणून, मुलगी पाटी घेऊन मध्ये आली म्हणून. कॉलेजातला बाण मी बायकोवर सोडत होतो. तिने कधी बोलून दाखवले नव्हते. आमच्या वाड्यांतल्या किती घरांत हे चालते, दारूच्या वासासकट, ते आपल्याला माहीत आहे. आपण ते साहित्यात लिहिले आहे, आणि लिहून पुढे गेलो आहोत. डोंबाऱ्याच्या शिष्याचे म्हणणे मला तेव्हा कळले. शिक्षककक्षातल्या त्या शब्दाबद्दल मी नंतर लेखी तक्रार दिली. दात न आवळता लिहिलेली ती तक्रार दीड पानाची होती. आधीच्या मसुद्यात बारा पाने होती आणि त्यातली दहा शिव्यांची होती.

कार्यशाळेनंतर आठवड्याने मी त्या मुलाला शोधून काढले. त्याला हे सगळे सांगितले नाही, वीस वर्षांच्या मुलाला एवढे सांगून चालत नाही. त्याला विचारले, ताट वेगळे ठेवतात तेव्हा तुला शरीरात कुठे काय होते. तो म्हणाला, "पोटात. आणि मग मी दोन दिवस जेवतच नाही." आम्ही त्यावर बोललो. मग एक कागद घेतला आणि कोण, कधी, काय म्हणाले, कुणासमोर, ते तारखांसह लिहायला बसलो. दोनदा त्याचा हात थांबला, दोन्ही वेळा थोडा वेळ नुसते बसलो आणि पुन्हा लिहिले. अर्ज दिला आहे. चौकशीची तारीख अजून लागलेली नाही. आता दर रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही सात-आठ जण वीस मिनिटे बसतो. तो मुलगा येतो, दोन बायका येतात, माझी बायको येते. परवा बसून उठल्यावर त्याने मला विचारले, "सर, तारीख लागली की तुम्ही याल ना बरोबर?" मी हो म्हणालो.